जुनं ओमेगा घेतलं आणि उघडून तपासलं, त्याची सगळी हकीकत

गेल्या दिवाळीनंतर मी एक जुनं ओमेगा सीमास्टर घड्याळ घेतलं, इथंच सांगलीत, गावभागातल्या एका काकूंकडनं. घेतल्यावर ते खरं आहे का, किती खरं आहे, हे तपासायला जे जे केलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत धड काही मिळालं नाही. इंग्रजीत ढिगानं मिळतं पण ते सगळं शेवटी तज्ज्ञाला दाखवा इथं येऊन थांबतं, आणि सांगली-मिरजेत जुन्या स्विस घड्याळांचा तज्ज्ञ अशी पाटी लावून कोण बसलेलं नाही. माणसं मात्र आहेत, तीस-चाळीस वर्षं मशीन उघडणारी माणसं आहेत, त्यांच्यापाशी बसायला वेळ पाहिजे आणि काय विचारायचं ते आपल्याला माहीत पाहिजे.

काकूंचे मिस्टर साखर कारखान्यात इंजिनिअर होते, १९६८ ला जर्मनीत ट्रेनिंगला गेले होते तेव्हा तिकडनं घेतलेलं हे घड्याळ. ते वारले, मुलगा पुण्यात, त्याला घड्याळांचं काही नाही, तो म्हणाला आई कपाटात ठेवून काय करणार, कोण जपणारं असेल तर देऊ. बिल नाही, डबा नाही, गॅरंटीचा कागद नाही. भाव ठरला ५८ हजार. मी पैसे द्यायच्या आधी एकच गोष्ट मागितली, की साध्या कागदावर दोन ओळी लिहू, महिन्याभरात मी उघडून तपासणार आणि मशीन, केस (म्हणजे बाहेरची स्टीलची बॉडी) किंवा डायल यातलं काही मूळचं नाही असं निघालं तर घड्याळ परत आणि पैसे परत. मुलानं फोनवरनं लगेच हो म्हणलं, काकूंनी सही केली, मी केली, शेजारचे एक काका साक्षीदार. लोक म्हणतात ओळखीत असा कागद मागायला बरं दिसत नाही. मला तर वाटतं ओळखीतच मागावा, कारण नंतर वाद झाला तर पैसे पण जातात आणि येणं-जाणं पण बंद होतं.

आता खरं-खोटं म्हणजे काय ते आधी बघू, कारण इथंच लोकांची गल्लत होते. नवीन रोलेक्स किंवा नवीन ओमेगा घेतलं तर भीती असते फर्स्ट कॉपीची, म्हणजे सगळंच्या सगळं घड्याळ खोटं. पन्नास-साठ वर्षं जुन्या घड्याळात तसं कमी असतं. तिथं असतं ते वेगळं, केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे, चावी बाजारातली, आणि डायल परत रंगवलेली. आपल्याकडं तर असा डायल रंगवायचा धंदाच आहे, बाहेरचे लोक अशा घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात, जुनं एचएमटी, फेवर ल्युबा, ओमेगा काय हाताला लागेल ते घ्यायचं, डायलला चकचकीत निळा नाहीतर केशरी रंग मारायचा, वर नाव छापायचं आणि ऑनलाइन विकायचं. आतलं मशीन खरं असतं त्यामुळं विकणारा पण छातीवर हात ठेवून सांगतो ओरिजिनल आहे म्हणून, आणि त्याचं अगदीच खोटं पण नसतं.

आणि हे फक्त गल्लीतल्या लोकांना फसवतं असं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, स्वतःच्या म्युझियमसाठी. २०२३ मध्ये बाहेर आलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग गोळा करून जुळवलेलं होतं, आणि त्यात कंपनीतलीच माजी माणसं सामील होती असं कंपनीनंच सांगितलं. ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांना कळायला दीड-दोन वर्षं गेली. तेव्हा "हे घड्याळ खरं आहे का" असा एकच प्रश्न विचारून उपयोग नाही, प्रत्येक भागाला वेगळं विचारावं लागतं. जमीन घेताना आपण नुसता सातबारा बघून थांबतो का, फेरफार बघतो, नकाशा बघतो, बांधावर जाऊन उभं राहतो, आणि सगळ्यांचं एकमेकांशी जुळतंय का ते बघतो. तेच इथं.

घरी काय काय बघता येतं ते आधी सांगतो, त्याला उघडावं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग पाहिजे, चांगलं घ्या, स्वस्तातलं कडेला वाकडं दाखवतं. पहिलं मी काच बघितली. त्या काळच्या ओमेगाची काच ॲक्रिलिकची असते, आणि मूळ काचेच्या बरोबर मध्यभागी ओमेगाची खूण, ती घोड्याच्या नालेसारखी, एवढी बारीक कोरलेली असते की भिंगाशिवाय दिसतच नाही, तिरप्या उजेडात धरून शोधावी लागते. माझ्यात नव्हती. म्हणजे काच बदललेली. यात वाईट काही नाही, ॲक्रिलिकला ओरखडे पडतात, वीस-पंचवीस वर्षांत काच बदलतेच, पण नोंद केली.

मग चावी. चावीवर खूण होती पण तिच्या कडा मऊ, पायाकडचा भाग जाडा-भरडा. बाजारातली चावी असणार असं तेव्हाच वाटलं. मागच्या झाकणावर सीमास्टरचा तो समुद्री घोडा असतो, तो बऱ्यापैकी उठावदार होता, बोटाला लागत होता. हे फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण पॉलिश करणारे बफ मारून मारून घोड्याचा नुसता डाग करून ठेवतात, आणि झाकण घासलेलं असेल तर पुढचे पट्ट्याचे कान पण घासलेले असतात, त्यांच्या धारा गोल होतात आणि घड्याळाचा आकारच बदलतो. गेलेलं स्टील परत येत नाही. या घड्याळाच्या कानांच्या धारा शाबूत होत्या, ओरखडे भरपूर पण धारा शाबूत, आणि ओरखडे बघून मला उलट बरं वाटलं.

त्यानंतर तारीख. विकताना मुलगा म्हणाला होता बाबा चावी ओढून तारीख बदलायचे. हे ऐकूनच माझे कान टवकारले होते, कारण ओमेगाच्या ५६५ नंबरच्या मशीनमध्ये तसंच असतं, चावी वेळ लावायच्या जागेच्या पण पुढं ओढली की प्रत्येक ओढीला तारीख एकानं पुढं जाते. त्याच्या आधीच्या ५६२ मध्ये ही सोय नाही, तिथं काटे फिरवत बसावं लागतं. मी ओढली, खट्कन तारीख बदलली. वेळ लावताना सेकंद काटा थांबत नाही, फिरत राहतो, हे पण या मशीनशी जुळतं. म्हणजे झाकण न उघडता आत कुठलं मशीन असेल याचा अंदाज आला, आता उघडल्यावर तेच निघतंय का ते बघायचं.

मग अंधारात टॉर्च. डायलवरच्या ठिपक्यांत आणि काट्यांत जो चमकणारा मसाला असतो तो त्या काळात ट्रिटियमचा असायचा. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य साधारण १२.३ वर्षं, म्हणजे एवढ्या वर्षांत अर्धं, पुढच्या तेवढ्यात पाव, असं करत १९६० च्या दशकातलं आता जेमतेम चार-पाच टक्के उरलेलं असतं, आणि त्यातला चमकणारा पदार्थ पण थकलेला असतो. तेव्हा अशा घड्याळानं रात्री चमकायचं नाही. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारला तर थोडं उजळेल पण टॉर्च काढला की लगेच विझलं पाहिजे. मी खोलीत पूर्ण अंधार करून मारला. डायलवरचे ठिपके लगेच विझले, बरोबर. तास आणि मिनिट काटा मात्र हिरवागार चमकत राहिला, बराच वेळ. म्हणजे काट्यातला मसाला नंतरचा, नाहीतर काटेच नंतरचे.

सांगलीत जुनं काही पण घेताना एक प्रश्न विचाराच, मग ते घड्याळ असो, कॅमेरा असो नाहीतर हार्मोनियम: २०१९ च्या पुरात हे कुठं होतं? ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, गावभागात घरात पाणी होतं, आणि दोन वर्षांनी २०२१ ला परत आलं. पाण्यातनं निघालेली किती घड्याळं नंतर वाळवून, पुसून विकली गेली असतील. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अरे ते माडीवरच्या कपाटात होतं, आम्ही सगळी माडीवरच होतो, तिथनंच बोटीनं नेलं आम्हाला, तेव्हा ह्यांचं घड्याळ आणि कागदपत्रं पिशवीत घालून मी बरोबर घेतली." माझा त्यांच्यावर विश्वास होताच, पण स्टील कसं वागलं ते उघडल्याशिवाय कळत नाही.

उघडायला मिरजेला गेलो. मार्केटजवळच्या गल्लीत एक चाचा बसतात, वय सत्तरीच्या पुढं, हात अजून स्थिर. मी आधीच सांगितलं की चाचा दुरुस्ती नको आहे, फक्त बघायचंय, फोटो काढायचेत, आणि तुम्हाला जे वाटेल ते स्पष्ट सांगा. ते म्हणाले, "बघण्याचे पण पैसे घेणार, कारण बघण्यातच सगळं आहे." मी म्हणलं घ्या, तुम्ही सांगाल ते. हे पटलंच मला. फुकट बघणारा दोन मिनिटांत बघतो.

त्यांनी तीन दात्यांचा पाना लावून मागचं झाकण फिरवलं, आणि आतलं मशीन बघून मी खरंच गप्प झालो. ओमेगाच्या त्या मालिकेतली मशीनं तांबूस रंगाची असतात, तांब्यासारखा मुलामा, आणि चांगलं जपलेलं असेल तर तो रंग एकसारखा, मऊ दिसतो. कुणी भलत्या केमिकलमध्ये धुतलं असेल तर मात्र डाग पडतात, पॅचेस दिसतात. इथं रंग एकसारखा होता. ब्रिजवर, म्हणजे मशीनच्या वरच्या पट्टीवर, ओमेगाच्या खुणेखाली ५६५, चोवीस ज्वेल (घर्षण कमी करायला बसवलेले खडे), कंपनीचं नाव, स्विस, आणि आठ आकडी सीरियल नंबर, सुरुवात २४ नं. जुन्या ओमेगाचा सीरियल मशीनवर असतो, बाहेर केसवर नाही, त्यामुळं उघडल्याशिवाय तो कळतच नाही आणि म्हणूनच नुसते बाहेरचे फोटो पाठवून "ओरिजिनल आहे का सांगा" याला अर्थ नसतो. २४ नं सुरू होणारे नंबर साधारण १९६६-६७ चे. ५६५ मशीन कंपनीनं आणलं १९६६ ला. आणि काकूंच्या मिस्टरांनी घेतलं १९६८ ला. दुकानात वर्षभर पडून राहिलेलं घड्याळ कुणीतरी घेतलं, तारखा अगदी सरळ जुळल्या.

नुसता नंबर जुळला म्हणून चाचा थांबले नाहीत. अक्षरं कशी आहेत ते बघा म्हणाले, कोरलेली अक्षरं एकसारख्या खोलीची, कडा साफ, रंग तळापर्यंत गेलेला. नंतर कुणी नंबर मारला असता तर त्या जागी मुलामा फाटून खालचं पितळ दिसलं असतं. स्क्रूची डोकी बघितली, दोन-तीन जरा खाल्लेली, बाकी व्यवस्थित. ऑटोमॅटिकचा, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाचा, फिरणारा रोटर झाकणाला घासतोय का ते बघितलं, थोडं घासत होतं, आतल्या बाजूला गोल ओरखडा होता, म्हणजे रोटरची धुरी झिजायला लागलीय. हे खोटेपणाचं लक्षण नाही, वापराचं आहे.

झाकणाच्या आत कंपनीची खूण, स्टेनलेस स्टीलचे फ्रेंच शब्द आणि मॉडेल नंबर, १६६ नं सुरू होणारा. १९६२ पासून ओमेगानं हे आकड्यांचं गणित लावलं, पहिला १ म्हणजे पुरुषांचं, पुढचा ६ म्हणजे ऑटोमॅटिक, तिसरा ६ म्हणजे तारीखवालं आणि पाण्यापासून सुरक्षित. म्हणजे या केसमध्ये तारखेचं ऑटोमॅटिक मशीनच पाहिजे, आणि तेच आहे. केस आणि मशीन एका घरातली. तिथंच मला सुईनं ओरखडलेल्या बारीक खुणा दिसल्या, मी घाबरलो, पण चाचांनी सांगितलं की घड्याळजी सर्व्हिस केल्यावर आत स्वतःची खूण आणि तारीख ओरखडून ठेवायचे, पुढं तेच घड्याळ परत आलं तर कळावं म्हणून. एक खूण ७१ ची, एक ८४ ची, एक वाचता येईना. चाचा म्हणाले ८४ ला काटे आणि चावी बदलली असणार, त्या काळात मूळ माल मिळायचा नाही, गिऱ्हाइकाला घड्याळ चालू पाहिजे असायचं, मिळेल ते बसवायचे. त्यात कुणाला फसवायचा हेतू नसतो. मला पण हे पटतं, आज आपण ज्याला नकली भाग म्हणतो तो तेव्हाच्या घड्याळजीनं घड्याळ जिवंत ठेवायला लावलेला असतो.

पुराचं पण बघितलं. चावीची दांडी ओढून काढली, पाणी गेलं असेल तर पहिला गंज तिथं दिसतो. दांडी स्वच्छ, फक्त वाळलेलं तेल. तेवढ्यानं माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

मग टाइमग्राफरवर लावलं. हे एक छोटं मशीन असतं, त्याच्या माइकवर घड्याळ ठेवलं की टिकटिक ऐकून ते सांगतं दिवसाला किती सेकंद पुढं-मागं जातंय, बॅलन्स चाक किती अंश फिरतंय, आणि टिक आणि टॉक यांच्यात किती फरक आहे. चाचांकडं चिनी बनावटीचं होतं, चांगलं चालतं. पण एक सेटिंग बघून घ्या, लिफ्ट अँगल, म्हणजे ठोका पडताना बॅलन्स चाक जेवढ्या अंशात ढकललं जातं तो कोन, तो टाइमग्राफरमध्ये आपोआप ५२ वर असतो, या ओमेगाचा ४९ आहे. ५२ वर ठेवलं तर बॅलन्सचा आकडा खोटाच जास्त दाखवतो. मी सांगितलं, चाचांनी बदललं, आणि सेटिंग बदलल्यावर आकडा २४० वरनं २२६ वर आला. उभं धरल्यावर तर दोनशेच्या खाली. दिवसाला वीस-बावीस सेकंद पुढं. याचा अर्थ तेल वाळलंय, सर्व्हिस पाहिजे, बाकी काही नाही. टाइमग्राफर खरं-खोटं सांगत नाही, तब्येत सांगतो. नकली घड्याळ पण त्यावर सुंदर आकडे दाखवू शकतं. पण एक आकडा मात्र कामाचा, तासाला किती ठोके पडतात तो. या मशीनचे १९,८०० पाहिजेत, सेकंदाला साडेपाच, आणि तेवढेच आले. आत दुसरं आशियाई मशीन घातलेलं असतं तर २१,६०० नाहीतर २८,८०० आले असते.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं आणि मग डायलचा घोळ सुरू झाला. कोल्हापूरचा माझा एक मित्र जुनी घड्याळं जमवतो, त्याला फोटो पाठवले होते. त्याचा फोन आला, "डायल रंगवलेली आहे, खाली सहाच्या आकड्यापाशी स्विस मेड लिहिलेलंच नाही, परत दे." मी बघितलं तर खरंच नव्हतं. त्या काळच्या डायलवर सहाच्या दोन्ही बाजूला, अगदी काठाला, बारीक अक्षरात स्विस मेड असतं, आणि ट्रिटियम वापरलेलं असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना इंग्रजी टी. डायल रंगवणारे हमखास हेच विसरतात किंवा चुकीचं छापतात. त्याचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. मी काकूंच्या मुलाला फोन केला, तो जरा दुखावला, म्हणाला बाबांनी असलं काही केलं नसतं, ते घड्याळाला पाणी लागू द्यायचे नाहीत. मला पण वाईट वाटलं, पण ५८ हजारांचा विषय होता आणि डायलवर जुन्या घड्याळाची निम्मी किंमत उभी असते म्हणलं तरी चालेल.

एक मन म्हणत होतं की द्यावं परत. पण बाकीची लक्षणं रंगवलेल्या डायलसारखी नव्हती. भिंगातनं सीमास्टरची अक्षरं बघितली तर एकसारखी, शाई पसरलेली नाही, वरच्या लॅकरला बारीक जाळी पडलेली आणि ती जाळी अक्षरांच्या वरनं गेलेली, म्हणजे अक्षरं जुन्या थराच्या खाली. तासांच्या खुणांचे उभे चिकटवलेले बार त्यांच्या जागी, त्यांच्या बुडाशी रंगाचा ओघळ नाही. मिनिटांच्या रेघा बारच्या बरोबर मध्ये. रंगवताना बार काढून परत लावतात किंवा त्यांच्याभोवती रंग मारतात, कुठंतरी चूक राहतेच. आणि फोटोत काठ वाकडा दिसत होता तो ॲक्रिलिकच्या फुगीर काचेमुळं, ती कडेला सगळंच वाकवून दाखवते, मोबाइलच्या फोटोवर डायलचा निकाल द्यायचा नाही हे माझं तेव्हापासून ठाम मत झालं.

परत मिरजेला गेलो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काठ बघायचाय ना? मग केसमधनं काढू." झाकण उघडलं, चावीची दांडी काढली, दोन बाजूचे पकडणारे स्क्रू सैल केले आणि मशीन डायलसकट मागच्या बाजूनं अलगद बाहेर काढून धरलं. मी भिंग लावलं. डायलच्या अगदी काठाला, सहाच्या खाली, टी स्विस मेड टी. पूर्ण, सरळ, बारीक, इतकी वर्षं उजेड न लागल्यामुळं बाकीच्या अक्षरांपेक्षा काळं. झालं असं होतं की काच बदलताना कुणीतरी जरा दुसऱ्याच मापाची काच बसवली होती, तिच्या आतली धातूची रिंग रुंद, आणि त्या रिंगनं डायलचा काठ चारी बाजूनं झाकून टाकला होता. काठाला जिथं रिंग होती तिथं डायलचा रंग पण मूळचा पांढरट राहिलेला, मधला भाग वयानं पिवळसर झालेला. असं खोटं करायला कुणाला जमणार नाही. मी तिथनंच मुलाला फोटो पाठवला आणि फोन केला. त्यानं काकूंना कॉन्फरन्सवर घेतलं. काकू म्हणाल्या, "मी सांगत होते की नाही." मित्राला पण फोटो पाठवला, तो पण भला माणूस, लगेच म्हणाला की हे असं झालेलं मी बघितलं नव्हतं, ठेव.

नंतर सर्व्हिसला काटे काढले तेव्हा डायलची मागची बाजू पण बघून घेतली, घासल्याच्या खुणा नाहीत, डायल मशीनवर बसवायचे मागचे बारीक पाय नव्यानं डाग दिलेले नाहीत, कडेला कानशीनं पाडलेली खाच नाही. रंगवणारे डायल पकडीत धरायला अशी खाच पाडतात, कुठं दिसली तर समजून जा.

काट्यांचा निकाल मात्र वाईट लागला. तास-मिनिटाचे काटे बाजारातले आहेत, आकार जवळपास तसाच पण पातळ, आणि सेकंद काटा आखूड, त्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतच नाही. ओमेगा असलं करत नाही. काट्यांची लांबी ही तपासणी फुकटची आहे, कुणीही दुकानात उभ्या उभ्या करू शकतो.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसला का नाही पाठवलं असं बऱ्याच जणांनी विचारलं. नवीन घड्याळ असतं तर आधी तिथंच गेलो असतो. जुन्या घड्याळाला मला भीती अशी की डायल-काटे बदलून चकाचक होऊन यायचं, वर केसला पॉलिश. पाठवायचंच असेल तर पॉलिश नको, डायल बदलायची नाही, काढलेले जुने भाग परत पाहिजेत, हे लेखी द्या. माझं काम चाचांच्या टेबलावर झालं, मला तेवढं पुरलं.

व्यवहाराचं असं झालं की कागदावर मशीन, केस आणि डायल लिहिलं होतं आणि तिन्ही मूळचे निघाले, त्यामुळं परत द्यायचा प्रश्नच उरला नाही. पण काटे, चावी, काच बदललेली आहे हे मी मुलाला फोटोंसकट सांगितलं, काही मागितलं नाही, फक्त सांगितलं. दोन दिवसांनी त्यानं आपणहून सहा हजार परत पाठवले, म्हणाला सर्व्हिसला लावा, बाबांचं घड्याळ नीट चाललं पाहिजे. मी नको म्हणलं तर ऐकेना. चाचांनी पूर्ण मशीन सुटं करून धुतलं, तेल दिलं, रोटरची धुरी दुरुस्त केली, योग्य मापाची काच बसवली, तीसुद्धा मध्यभागी खूण असलेली, आणि आता डायलचा काठ पूर्ण दिसतो. उताणं ठेवल्यावर बॅलन्स २७५ च्या आसपास, दिवसाला पाच-सहा सेकंद पुढं. साठीला आलेल्या मशीनकडनं यापेक्षा जास्त काय मागायचं.

सीरियल, मॉडेल नंबर, झाकणाच्या आतल्या खुणा, डायलच्या काठाचा फोटो, चाचांनी हातानं लिहून दिलेली पावती, आणि काय मूळचं काय नंतरचं याची यादी, हे सगळं एका पाकिटात घालून ठेवलंय. उद्या मी विकलं किंवा माझ्या मुलीकडं गेलं तर पुढच्याला परत सगळं शोधत बसायला नको. काकूंना पण फोटोंची एक प्रत दिली, मशीनचा तांबूस फोटो त्यांनी मोबाइलवर नातवाला पाठवला.

राहता राहिली चावी आणि काटे. काटे मिळाले तर बरं, पण चावी आधी पाहिजे, कारण आत्ताच्या चावीचं रबर घट्ट बसत नाही आणि पावसात घालायची सोय नाही. त्यात लक्षात ठेवायचं म्हणजे चावी मागताना मशीनचा ५६५ नंबर सांगून उपयोग नाही, केसच्या नळीवर ती बसली पाहिजे, म्हणून झाकणाच्या आतला १६६ वाला नंबर सांगायचा, आणि नळीचं माप कॅलिपरनं घेऊन जायचं. चाचांनी माप लिहून दिलंय, पुढच्या महिन्यात मुंबईला काम आहे, तेव्हा जुन्या मालाच्या दुकानांत विचारणार आहे.